उत्तर कोणी कोणाला दिले? गटातील संवादाचे जाळे मोजण्याची पहिली पायरी ते शेवटची

"काकाजी, आंबियाची फळगळ लय होऊन राहिली, काय फवारू?" ऑगस्टमधल्या एखाद्या सकाळी काटोलकडचा एक बागायतदार टेलिग्रामवरील गटात आंबिया बहाराच्या संत्र्यांबद्दल असा प्रश्न टाकतो. थोड्या वेळाने कळमेश्वरहून कोणी तरी लिहिते, "भाऊ, आधी पानाचा आन् देठाचा फोटो टाका." मग तिसरा माणूस स्वतःच्या बागेतला अनुभव सांगतो, चौथा त्याला विरोध करतो, आणि त्याच गर्दीत पाचव्याने विचारलेला डिंक्याचा, म्हणजे झाडातून डिंक गळण्याच्या रोगाचा, प्रश्न वर सरकत सरकत दिसेनासा होतो. नागपूर जिल्ह्याच्या संत्रा पट्ट्यात असे गट आता चांगलेच रुळले आहेत. त्यांतल्या संवादाचा नीट अभ्यास करता येतो, त्यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही, आणि हा अभ्यास गटाच्या खरोखर उपयोगी पडतो. मी नागपुरात संख्याशास्त्र शिकवते. कृषी विस्ताराचे काम करणारे तरुण, गट चालवणारे बागायतदार आणि समाजशास्त्राचे विद्यार्थी यांच्यासाठी ही पद्धत मी पायरीपायरीने मांडत आहे. उदाहरणे संत्र्याची आहेत, परंतु हीच रीत स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासगटाला किंवा गृहनिर्माण सोसायटीच्या गटालाही जशीच्या तशी लागू पडते.

प्रश्न आधी, आकडे नंतर

"आमच्या गटात सर्वांत सक्रिय कोण?" हा प्रश्न घेऊन या कामाला बसू नये. त्याचे उत्तर संदेश मोजले की मिळते, आणि त्या उत्तरातून फारसे काही कळतही नाही, कारण नागपूरच्या कळमना बाजारातील संत्र्याचा भाव रोज सकाळी टाकणारा सदस्य संख्येत पहिला येईल, पण त्याच्याशी कोणी बोलत असेलच असे नाही. कोण कोणाला उत्तर देतो हे तपासायचे ते वेगळ्या प्रश्नांसाठी: प्रश्न विचारणाऱ्यांपैकी कोणाला उत्तर मिळते आणि कोणाला मिळत नाही, उत्तरे देण्याचा भार किती जणांवर आहे, नरखेड-काटोलकडची मंडळी आणि सावनेर-कळमेश्वरकडची मंडळी एकमेकांना उत्तरे देतात की आपापल्यातच बोलतात, आणि एखादा जाणता माणूस गट सोडून गेला तर काय तुटेल. यांपैकी एक, फार तर दोन प्रश्न निवडावेत आणि ते वहीच्या पहिल्या पानावर पूर्ण वाक्यात लिहून ठेवावेत. पुढची प्रत्येक निवड त्या वाक्याशी ताडून पाहता येते.

त्याच पानावर कालावधी लिहावा. संत्र्याच्या गटाला ऋतू असतो. आंबिया बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळे ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये उतरतात. मृग बहार जून-जुलैत फुलतो आणि फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये तोडणीला येतो. पावसाळ्यातील फळगळीचे प्रश्न आणि तोडणीच्या काळातील भावाचे प्रश्न यांना उत्तरे देणारी माणसे वेगळी असतात. एका वर्षीचा जून आणि त्याच वर्षीचा नोव्हेंबर यांची तुलना करून "गट बदलला" असा निष्कर्ष काढल्यास बदललेला असतो तो फक्त बहार.

परवानगी

गटातील संदेश सर्वांना दिसतात, म्हणून ते अभ्यासाला मोकळे आहेत असे समजू नये. माणसे तेथे शेजाऱ्याशी बोलावे तशी बोलतात. कर्ज, घरातील आजारपण, बुडालेली बाग असे सगळे त्यात येते. गटचालकाची संमती घ्यावी, गटात स्पष्ट मराठीत सूचना टाकावी, काय मोजणार आणि काय मोजणार नाही ते सांगावे, आणि "माझे संदेश नको" म्हणणाऱ्याचे संदेश वगळण्याची सोय ठेवावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही संमतीला मध्यवर्ती स्थान आहे; कायदा नसता तरीही हे करणे भागच होते, असे माझे मत आहे.

नोंदी कशा मिळवाव्यात

या अभ्यासाचा सारा जीव एका गोष्टीत आहे: प्रत्येक संदेशाबरोबर तो कोणत्या संदेशाला उत्तर म्हणून लिहिला गेला याची नोंद मिळते की नाही. टेलिग्रामच्या संगणकावरील अ‍ॅपमध्ये गट उघडून वरच्या तीन ठिपक्यांच्या मेन्यूतून गप्पांचा इतिहास निर्यात करता येतो, आणि निर्यात करताना जेसन (JSON) हा फाइलचा प्रकार निवडल्यास मिळणाऱ्या फाइलमध्ये प्रत्येक संदेशाचा क्रमांक, वेळ, लिहिणाऱ्याचे नाव, त्याचा कायमचा ओळखक्रमांक आणि, संदेश उत्तर म्हणून लिहिला असल्यास, मूळ संदेशाचा क्रमांक असतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या निर्यातीत मात्र साधा मजकूर मिळतो. वेळ, नाव आणि संदेश एवढेच त्यात असते. पडद्यावर उद्धृत केलेला मूळ संदेश दिसत असला तरी ती जोडणी निर्यात केलेल्या फाइलमध्ये येत नाही. म्हणून नवख्या माणसाने शक्य असल्यास टेलिग्रामसारख्या, उत्तराची नोंद ठेवणाऱ्या माध्यमावरील गटापासून सुरुवात करावी. व्हॉट्सअ‍ॅपचाच गट अभ्यासायचा असेल तर जोडण्या हाताने लावाव्या लागतात. त्याची रीत पुढे येते.

फाइल हाती आल्यावर ती तक्त्यात आणावी. जेसन फाइल एक्सेलमध्ये डेटा आयात करण्याच्या सोयीतून उघडता येते. मजकूर सीएसव्ही (CSV), म्हणजे स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेल्या, स्वरूपात असेल तर ती फाइल दोनदा क्लिक करून थेट उघडू नये, कारण देवनागरीच्या जागी अगम्य चिन्हे येऊ शकतात. आयात करताना यूटीएफ-८ ही लिपीची सांकेतिक पद्धत निवडावी. तक्त्यात चार स्तंभ पुरेसे आहेत: संदेशक्रमांक, लिहिणारा, वेळ, कोणत्या संदेशाला उत्तर. संदेशाचा मजकूर वेगळ्या फाइलमध्ये ठेवावा आणि ती फाइल संकेतशब्दाने बंद करावी.

लिहिणाऱ्याच्या स्तंभात नाव न घेता ओळखक्रमांक घ्यावा. माणसे नाव बदलतात. कोणी दिवाळीत नावापुढे दिवा लावतो, कोणी नावाऐवजी गावाचे नाव लिहितो, आणि नावावरून मोजणी केली तर एका माणसाचे तीन होतात. उलट, घरातील एकच फोन वडील आणि मुलगा दोघे वापरत असतील तर दोघांचा एक होतो. हे यंत्राला कळत नाही, गटातील माणसांना विचारूनच कळते. अमुक जण गटात आले, अमुक जण बाहेर पडले, अशा यंत्राने टाकलेल्या सूचना काढून टाकाव्यात. ज्या उत्तराचा मूळ संदेश पुसला गेला आहे, त्या उत्तराची वेगळी यादी करावी. ती उत्तरे फेकून देऊ नयेत, कारण त्यांची संख्या मोठी असेल तर तेच एक निरीक्षण ठरते.

संदेशाकडून माणसाकडे

आपल्याकडे आता "संदेश ४१२ हा संदेश ४०५ ला उत्तर आहे" अशी माहिती आहे. आपल्याला हवे आहे ते "अमक्याने तमक्याला उत्तर दिले". त्यासाठी उत्तराच्या स्तंभातील क्रमांक संदेशक्रमांकाच्या स्तंभात शोधून त्याच्यासमोरील लिहिणारा उचलायचा. एक्सेल किंवा लिबरऑफिस कॅल्कमधील व्हीलुकअप हे सूत्र नेमके हेच काम करते. आता प्रत्येक ओळीत दोन माणसे आहेत: उत्तर देणारा आणि ज्याला उत्तर मिळाले तो. स्वतःच स्वतःच्या संदेशाला जोडून लिहिलेल्या ओळी बाजूला काढाव्यात. त्यानंतर पिव्होट तक्ता करून एकाच जोडीच्या ओळी एकत्र मोजल्या की "ख ने क ला २ वेळा" अशी बाणांची यादी तयार होते.

बाण कोणत्या दिशेने काढायचा हे येथेच ठरवून लिहून ठेवावे. या लेखात मी उत्तर देणाऱ्याकडून विचारणाऱ्याकडे बाण काढते, कारण उत्तर देणे ही कृती आहे आणि बाण कृतीच्या दिशेने जावा असे मला वाटते. काही अभ्यासक नेमके उलट करतात: विचारणाऱ्याकडून जाणकाराकडे बाण नेतात, म्हणजे ज्याच्याकडे अधिक बाण येतात तो अधिक जाणता असे वाचता येते. दोन्ही रीती बरोबर आहेत. अर्ध्यात दिशा बदलणे तेवढे चूक आहे, आणि ती चूक फार सहज होते.

ज्या संदेशांना उत्तराची जोडणी नाही, पण वाचणाऱ्याला ते उत्तर आहे हे स्पष्ट दिसते, त्यांचे काय करायचे? आपल्याकडे पुष्कळ जण उत्तराचे बटण न दाबता खाली नुसते लिहितात, "हो काकाजी, तेच मारा." गटात काकाजी पाच आहेत. आधीचा संदेश तोच मूळ संदेश असे गृहीत धरणे सोपे आहे, परंतु दोन बोलणी एकमेकांत गुंतलेली असताना तो नियम सरळ चुकतो. माझी शिफारस अशी: निर्यातीत आलेल्या जोडण्या एका स्तंभात आणि वाचून लावलेल्या जोडण्या दुसऱ्या स्तंभात ठेवाव्यात, आणि वाचून लावण्याचे काम दोन माणसांनी एकमेकांशी न बोलता करावे. निदान २०० संदेश दोघांनी स्वतंत्रपणे लावून मग ताडून पाहावे. नुसती "किती टक्के जुळले" ही संख्या फसवी असते, कारण काही जुळणी योगायोगानेही होते. त्यासाठी जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेले कप्पा हे माप वापरतात. प्रत्यक्ष जुळणीतून योगायोगाची अपेक्षित जुळणी वजा करायची आणि त्या बाकीला १ वजा अपेक्षित जुळणी याने भागायचे. उदाहरणार्थ, "हा संदेश उत्तर आहे की नाही" या प्रश्नावर दोघांची जुळणी ०.९० असेल आणि योगायोगानेच ०.६० जुळणी अपेक्षित असेल, तर कप्पा ०.३० भागिले ०.४०, म्हणजे ०.७५ येतो. तो खूपच कमी आला तर माणसे बदलण्याआधी नियम तपासावेत. बहुतेक वेळा "उत्तर" कशाला म्हणायचे हेच नीट लिहिलेले नसते. हात जोडल्याचे चिन्ह उत्तर आहे का? नुसते "धन्यवाद भाऊ" उत्तर आहे का? मी चिन्हे मोजत नाही आणि आभार मोजते, पण वेगळ्या खुणेने.

ज्यांना उत्तर मिळाले नाही ती माणसे

येथे मी थोडी थांबणार आहे, कारण या साऱ्या कामात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हेच.

पहिल्यांदा असा अभ्यास केला तेव्हा मी केवळ बाणांची यादी बनवली आणि त्यावरून चित्र काढले. चित्र दाट आले, गट एकजीव दिसला, आणि मी ते समाधानाने गटातील काही जणांना दाखवले. त्यांतल्या एका तरुणाने विचारले, "ताई, माही काकू यात कुठी आहे? तिनं तं तीनदा इचारलं होतं." त्याची काकू चित्रात नव्हती. तिने डिंक्याबद्दल तीनदा विचारले होते, तिला कोणीही उत्तर दिले नव्हते आणि तिनेही कोणाला उत्तर दिले नव्हते. बाण नाही म्हणून त्या माणसाचा बिंदूही नाही. ज्या व्यक्तीसाठी हा अभ्यास करायला हवा होता, तीच माझ्या पद्धतीने पुसून टाकली होती.

म्हणून माणसांची यादी बाणांच्या यादीपासून वेगळी आणि तिच्याआधी करावी: ठरवलेल्या कालावधीत ज्याने एक तरी संदेश लिहिला तो यादीत. ही सावधगिरी या शास्त्राइतकीच जुनी आहे. जेकब मोरेनो यांनी १९३० च्या दशकात शाळकरी मुलांना "तुझ्याशेजारी कोण बसावे?" असे विचारून त्यांच्या निवडी बाणांनी कागदावर मांडल्या, तेव्हा ज्याला कोणीच निवडले नाही ते मूलही त्यांनी एकाकी बिंदू म्हणून त्याच कागदावर काढले होते.

नवख्या सदस्याच्या बाबतीत हे अधिकच लागू होते. एलिझाबेथ जॉइस आणि रॉबर्ट क्राउट यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले होते की ऑनलाइन चर्चागटात पहिल्यांदा लिहिणाऱ्याला उत्तर मिळाले, तर तो पुन्हा लिहिण्याची शक्यता वाढते. म्हणून तक्त्यात प्रत्येक सदस्याच्या पहिल्या प्रश्नासमोर दोन गोष्टी नोंदवाव्यात: उत्तर मिळाले का, आणि किती वेळाने. वेळेसाठी सरासरी न घेता मध्यक, म्हणजे सगळे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, घ्यावा, कारण रात्री अकरा वाजता विचारलेल्या आणि सकाळी उत्तर मिळालेल्या दोन-चार प्रश्नांनी सरासरी भलतीच फुगते. कालावधीच्या अगदी शेवटी विचारलेले प्रश्न या मोजणीतून वगळावेत. त्यांना उत्तर मिळायला वेळच मिळालेला नसतो. मी शेवटचे ३ दिवस वगळते.

कागदावर एक लहान जाळे

सॉफ्टवेअर उघडण्याआधी एकदा हाताने करून पाहावे. समजा सहा सदस्य आहेत: क, ख, ग, घ, च, छ. आठवडाभरात ख ने क ला दोनदा उत्तर दिले आणि घ, च, ग यांना प्रत्येकी एकदा. ग ने क ला एकदा आणि ख ला एकदा उत्तर दिले. क ने ख ला एकदा उत्तर दिले. छ ने प्रश्न विचारला, पण उत्तर आले नाही.

एकूण उत्तरे ८ झाली. वेगवेगळे बाण मात्र ७, कारण ख कडून क कडे जाणारा बाण एकच आहे, त्याचे वजन २. सहा माणसांत जास्तीत जास्त ६ गुणिले ५, म्हणजे ३० बाण शक्य आहेत. त्यांपैकी ७ आहेत, म्हणून घनता सुमारे ०.२३. आता छ ला विसरून हेच गणित करा: पाच माणसे, शक्य बाण २०, घनता ०.३५. एका दुर्लक्षित माणसाला वगळल्याने गट दीडपट जुळलेला दिसू लागला. माझे पहिले चित्र दाट का आले होते, ते या दोन आकड्यांत आहे.

पुढे परतफेड पाहा. क आणि ख यांनी एकमेकांना उत्तरे दिली, ख आणि ग यांनीही दिली. म्हणजे ७ पैकी ४ बाण दुतर्फा आहेत, प्रमाण ०.५७. हे प्रमाण जास्त असणे म्हणजे गट चांगला, असे मात्र नाही. मदतीच्या गटात जाणकाराला प्रश्नकर्त्याने उलट उत्तर देण्याची गरज नसते. गप्पांच्या गटात परतफेड नसेल तर काही तरी बिनसलेले असते. मापाचा अर्थ गटाच्या कामावरून ठरतो.

शेवटी ख ला झाकून पाहा. उरतो एकच बाण, ग कडून क कडे. घ आणि च एकटे पडले. दिशा सोडून नुसत्या जोडण्या पाहिल्या, तर क, ग, घ, च या चौघांच्या ६ जोड्यांपैकी ५ जोड्या एकमेकांशी फक्त ख च्या मार्फत जोडलेल्या आहेत. मधोमध असण्याच्या या मापाला लिंटन फ्रीमन यांनी १९७७ मध्ये नेमके गणिती रूप दिले. प्रत्यक्ष गटात असा ख सापडला तर त्याचे कौतुक करून थांबू नये. तो तोडणीच्या दिवसांत बागेत अडकला की गटाचे काय होते, हे त्या आठवड्यांचे संदेश काढून पाहावे.

जाणता कोण, हे मोजता येते का

काही अंशी येते. मिशिगन विद्यापीठातील जुन झांग, मार्क अ‍ॅकरमन आणि लाडा अ‍ॅडॅमिक यांनी २००७ मध्ये जावा ही संगणकभाषा शिकणाऱ्यांच्या एका मदत-समुदायाचा अभ्यास केला. त्यात एक साधे माप होते: दिलेल्या उत्तरांच्या संख्येतून विचारलेल्या प्रश्नांची संख्या वजा करायची आणि त्या बाकीला दोन्हींच्या बेरजेच्या वर्गमुळाने भागायचे. ९ उत्तरे आणि शून्य प्रश्न असणाऱ्याचे माप ३ येते. ९ उत्तरे आणि ७ प्रश्न असणाऱ्याचे २ भागिले ४, म्हणजे ०.५, दोन्ही सारखे असणाऱ्याचे शून्य, आणि फक्त विचारणाऱ्याचे ऋण. त्या समुदायात हे साधे माप गुंतागुंतीच्या पद्धतींइतकेच चांगले ठरले. नवख्या अभ्यासकाने त्यापासूनच सुरुवात करावी.

त्याची मर्यादाही लगेच लक्षात घ्यावी. हे माप उत्तर देण्याची सवय मोजते. उत्तर बरोबर होते का, हे त्याला कळत नाही. फळगळीमागे अन्नद्रव्यांची कमतरता असते, बुरशी असते, कीड असते, पाण्याचा ताण असतो. प्रत्येक प्रश्नाला एकच औषध सुचवणारा सदस्यही या मापात वर जाईल. उत्तराचा खरेपणा तपासायचा असेल तर निवडक उत्तरे जाणकाराला, लेखकाचे नाव झाकून, दाखवावीत. या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. लिंबूवर्गीय फळांवर संशोधन करणारी केंद्रीय संस्था नागपुरातच, अमरावती रस्त्यावर आहे.

चित्र आणि उपगट

माणसे तीस-चाळीसच्या पुढे गेली की हाताने चित्र काढणे अशक्य होते. गेफी हे मोफत सॉफ्टवेअर येथे उपयोगी पडते. त्यात दोन तक्ते द्यायचे: बिंदूंचा, ज्यात छ सारखे सर्व एकाकी सदस्यही असतील, आणि बाणांचा, ज्यात सोर्स, टार्गेट व वेट अशी शीर्षके रोमन लिपीत असतील. आयात करताना जाळे दिशायुक्त आहे, म्हणजे डायरेक्टेड, असे निवडायला विसरू नये. पायथन ही संगणकभाषा येत असेल तर नेटवर्कएक्स या संचात ही सगळी मापे तयार मिळतात.

चित्रावर विश्वास बेताचा ठेवावा. दोन बिंदू पडद्यावर जवळ आले याचा अर्थ ती माणसे जवळची आहेत असा नेहमीच होत नाही; मांडणी करणारी पद्धत बदलली की जागा बदलतात. उपगट शोधण्यासाठी २००८ मध्ये मांडली गेलेली लुव्हां ही पद्धत गेफीत एका बटणावर चालते आणि प्रत्येक उपगटाला वेगळा रंग देता येतो, परंतु तिच्यात यदृच्छेचा भाग आहे आणि दोनदा चालवली तर काही सदस्य या रंगातून त्या रंगात जाऊ शकतात. ती निदान दहा वेळा चालवून, दरवेळी एकत्र राहिलेल्यांनाच एक उपगट म्हणावे. मग तालुका, बहार, बागेचे वय अशी माहिती त्या रंगांशेजारी ठेवून पाहावी.

उपगट खरोखर काही सांगतात का, अशी शंका वाटत असेल तर वेन झॅकरी यांचा १९७७ सालचा अभ्यास आठवावा. त्यांनी अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या कराटे क्लबमधील ३४ सदस्यांची क्लबबाहेरील उठबस नोंदवली होती. क्लबमध्ये भांडण होऊन दोन तट पडले, तेव्हा कोण कोणत्या तटात जाईल हे त्या जाळ्यावरून एक सदस्य वगळता सर्वांच्या बाबतीत बरोबर सांगता आले. मात्र तेथे मैत्रीची नोंद होती. आपल्याकडे उत्तराची आहे, आणि उत्तर म्हणजे मैत्री नव्हे.

पुन्हा संदेशांकडे

हाच मुद्दा पुढच्या पायरीचा आहे. सर्वांत जाड असे दहा-पंधरा बाण निवडून त्यांमागील प्रत्यक्ष संदेश वाचावेत आणि प्रत्येकाला खूण करावी: माहिती दिली, उलट प्रश्न केला, विरोध केला, आभार मानले, थट्टा केली. दोन सदस्यांमधला सर्वांत जाड दुतर्फा बाण पुष्कळदा जुन्या वादाचा निघतो. सेंद्रिय की रासायनिक या विषयावर दोघे जण महिनाभर एकमेकांना उत्तरे देत असतील, तर आकड्यांच्या भाषेत ती गटातील सर्वांत घट्ट जोडी ठरेल. हे न वाचता अहवाल लिहिणे म्हणजे चावडीवर कोण मोठ्याने बोलले ते मोजून गावाचा सल्लागार ठरवणे होय.

त्याचप्रमाणे उत्तर न मिळालेले सर्व प्रश्न, एकही न वगळता, वाचावेत. कारणे वेगवेगळी सापडतात: प्रश्न भावाच्या संदेशांच्या ओघात वाहून गेला, फोटो नव्हता, आवाजाचा संदेश असल्याने कोणी ऐकला नाही, विचारणारी व्यक्ती नवी होती, किंवा उत्तर गटात न देता फोन करून दिले गेले. शेवटचे कारण आपल्याकडे फार आढळते आणि ते फक्त विचारूनच कळते. म्हणून शक्य असेल तर अशा दहा-बारा सदस्यांना संमतीने फोन करावा. निम्म्यांना बाहेरून उत्तर मिळाले असेल तर निष्कर्षच बदलतो.

गटाला काय सांगावे

अहवालात पहिल्या दहांची यादी देऊ नये. अशी यादी दिली की काही जण ती टिकवण्यासाठी लिहू लागतात, काही जण दुखावले जाऊन गप्प होतात, आणि तुम्ही जे मोजायला गेलात ते मोजण्यामुळेच बिघडते. नावांच्या जागी क्रमांक घातले म्हणजे ओळख लपली असेही मानू नये. २००६ मध्ये एओएल या कंपनीने सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांनी इंटरनेटवर घेतलेले शोध, नावांऐवजी क्रमांक देऊन, प्रसिद्ध केले, तेव्हा शोधांच्या मजकुरावरून पत्रकारांनी एका वापरकर्त्याची खरी ओळख शोधून काढली होती. एका तालुक्याच्या गटात तर "शेततळे असलेला, मृग बहार घेणारा, क्रमांक १७" एवढे लिहिले तरी सगळ्यांना माणूस कळतो.

सांगावे ते असे: किती प्रश्न अनुत्तरित राहिले, त्यांतले किती नव्या सदस्यांचे होते, कोणत्या विषयांचे होते, उत्तर मिळण्यास मध्यकाने किती वेळ लागला, आणि उत्तरांपैकी किती भाग तिघा-चौघांवर आहे. त्यावरून गटचालकाला लगेच करता येण्यासारख्या गोष्टी असतात. भावाचे संदेश ठरावीक वेळीच टाकायचे, रोज संध्याकाळी अनुत्तरित प्रश्न एकत्र करून पुन्हा वर आणायचे, जाणत्या सदस्यांनी वार वाटून घ्यायचे. त्या तरुणाच्या गटात संध्याकाळची ही यादी सुरू झाली, आणि पहिल्याच यादीत त्याच्या काकूचा डिंक्याचा प्रश्न होता.

बदल केल्यावर त्याचा परिणाम मोजायचा असेल तर पुढच्या वर्षीचे तेच आठवडे घ्यावेत, तोच बाण, तीच दिशा, तेच ३ दिवस वगळून. मजकुराची मूळ फाइल तोपर्यंत ठेवण्याची गरज नाही. बाणांची यादी, माणसांची यादी आणि लिहून ठेवलेले नियम एवढे जपावे, आणि संदेश पुसून टाकल्याचे गटात कळवावे.